मुंबईच्या पायाखालचे खडक : वय, नाते आणि कल

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत दोन जातींचे दगड आहेत. एक करडा, घट्ट, कुर्ल्याच्या खाणीतला बेसॉल्ट. दुसरा फिकट पिवळसर, मालाडकडचा ट्रॅकाइट. १९०५ मध्ये या वास्तूची कोनशिला बसली तेव्हा दोन्ही दगड जवळच्या खाणींतून मिळत होते म्हणून वापरले गेले, एवढेच. पण या जोडीत एक कोडे दडलेले आहे. खंडाळ्यापासून महाबळेश्वरापर्यंत घाटमाथा पालथा घातला तरी काळ्या पत्थराच्या थरावर काळ्याच पत्थराचा थर सापडतो. मालाडच्या पिवळ्या दगडाचे थर तिथे नाहीत. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास असते, ट्रॅकाइटमध्ये साठ टक्के आणि वर, शिवाय सोडियम-पोटॅशियमही भरपूर. वर येता येता वाटेत बराच काळ साठून राहिलेल्या, रसायन बदलत गेलेल्या लाव्हारसातून असा दगड तयार होतो. मग घाटात न घडलेली ही गोष्ट घाटाच्या पायथ्यापासून हाकेच्या अंतरावर का घडली? मुंबईखालचा खडक म्हणजे सह्याद्रीचाच खाली उतरलेला पदर, की सह्याद्री होऊन गेल्यावर सुरू झालेले वेगळे प्रकरण?

हा प्रश्न दीडशेहून अधिक वर्षे चर्चेत आहे आणि त्यावर लिहिणाऱ्यांत इंग्रज डॉक्टर, सर्वेक्षण खात्याचे अधिकारी, मुंबईतल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक आणि अलीकडे अणूंची वजने मोजणारे प्रयोगशाळेतले लोक, असे सगळे आहेत. आजवरचे लेखन एकत्र वाचले की जाणवते ते हे, की वादातला बराच गुंता तीन निराळे प्रश्न एकाच प्रश्नासारखे हाताळल्यामुळे झाला आहे. खडक केव्हा तयार झाला, हा वयाचा प्रश्न. तो घाटातल्या कोणत्या थराचा भाऊबंद, हा नात्याचा प्रश्न. आणि तो पश्चिमेकडे का झुकला आहे, हा कलाचा प्रश्न. एकाचे उत्तर मिळाले म्हणजे बाकीच्या दोहोंचे आपोआप मिळत नाही. हे तिन्ही सुटे करून पाहिले तर पहिला आज बऱ्याच अंशी सुटलेला दिसतो, दुसरा अर्धवट, आणि तिसऱ्याबद्दल जाणकारांत अजून खरे मतभेद आहेत.

घाटाची मोजपट्टी

तुलना कशाशी करायची हे आधी ठरवायला हवे. दख्खनचा ट्रॅप आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द मूळ स्वीडिश, अर्थ पायरी. घाटाच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्यांसारख्या ठेवणीवरून तो चिकटला. दुरून सगळा डोंगर एकच वाटतो आणि जवळून पाहिले तरी एक बेसॉल्ट दुसऱ्यापासून ओळखणे अवघड असते. १९८० च्या दशकात ही अडचण रसायनाने सोडवली. कॉक्स, हॉक्सवर्थ, महोनी, सुब्बाराव, हूपर, बीन आदींनी घाटरस्त्यांवरून पायरीपायरीने नमुने घेतले, त्यांतली मुख्य आणि सूक्ष्म मूलद्रव्ये मोजली आणि दाखवून दिले की ठरावीक जाडीच्या थरांना ठरावीक रासायनिक चेहरा असतो. त्यातून कळसूबाई, लोणावळा आणि वाई हे तीन उपसमूह आले, आणि त्यांच्या पोटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे शैलसमूह. नावे वाचताना एसटीच्या फलकांची आठवण होते, पण क्रम पक्का आहे. निरनिराळ्या ठिकाणचे थर एकावर एक रचले तर जाडी तीन किलोमीटरच्या आसपास भरते. वयांच्या अलीकडच्या बारीक मोजमापांनुसार यातला बहुतेक भाग ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे, साधारण १० लाख वर्षांच्या अवधीत ओतला गेला.

या मोजपट्टीची दोन वैशिष्ट्ये पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवायची. घाटात थर जवळजवळ आडवे आहेत. नजरेला न जाणवण्याइतकाच उतार. आणि घाटाचा उभा कडा म्हणजे जमीन तुटून खाली गेल्याची खूण आहे, हा समज बरोबर नाही. माथेरान आणि प्रबळगड कड्याच्या पश्चिमेला, कोकणाच्या बाजूला सुटे उभे आहेत आणि त्यांच्यातले थरही आडवेच आहेत. म्हणजे सह्याद्री एकेकाळी तिथवर होता, आणि नद्यांनी व पावसाने कडा खात खात पूर्वेला मागे नेला. थरांचा झोक बदलतो तो त्याच्याही पश्चिमेला, कल्याण-पनवेलच्या पट्ट्यात. तिथून पुढे मुंबईपर्यंत थर पश्चिमेकडे कलंडतात, बऱ्याच ठिकाणी १० ते १५ अंशांनी. या पट्ट्याला भूविज्ञानात ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. इथे त्याला पनवेलचे वळण म्हणू.

बेटावर आणि साष्टीत काय आहे

मुंबई बेटाची मूळ ठेवण दोन डोंगररांगांची. पश्चिमेला मलबार हिल, कंबाला हिल, वरळी. पूर्वेला माझगाव, शिवडी, अँटॉप हिल. मधल्या सखल भागात भरतीचे पाणी येई. मलबार हिलचा आकार कलाची साक्ष देतो. समुद्राच्या बाजूचा उतार सौम्य, कारण तो थराच्या पाठीवरून उतरतो. गिरगावाच्या बाजूला मात्र कडा, कारण तिथे थराची धार उघडी पडते. त्या धारेखाली, वरच्या बेसॉल्टच्या पोटाशी, लाव्हाचा नसलेला एक थर आहे: राखेचा, चिखलाचा, गडद शेलचा. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत साचलेल्या या गाळाने मुंबईच्या भूविज्ञानाला पहिली प्रसिद्धी मिळवून दिली. वरळीच्या या शेलमधून छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन करून त्यांना ‘राना पुसिला’ म्हटले. १९३० मध्ये नोबल यांनी त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्राकस’ हे नवे वंशनाम (जीनस) तयार केले. याच थरांत गोड्या पाण्यातले कासव, वनस्पतींचे अवशेष आणि शिंपल्यासारख्या कवचात राहणारे सूक्ष्म जीव सापडले. आज सी लिंकच्या टोकाशी गाड्या खोळंबतात त्या परिसरात तेव्हा उथळ तळी होती आणि दूर कुठेतरी ज्वालामुखी दम खात होता.

हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाचे भूवर्णन प्रसिद्ध केले, तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वाइन यांनी १८६६ मध्ये अधिक पद्धतशीर अहवाल लिहिला. दोघांनी क्रम नीट टिपला: खाली बेसॉल्ट आणि राखेचे खडक, मध्ये गाळ, वर पुन्हा बेसॉल्ट. पण मुंबईच्या खडकांचे वेगळेपण ठळकपणे मांडले ते सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आर. एन. सुखेशवाला यांनी. पोल्डरवार्ट यांच्यासोबत १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखापासून मुंबई परिसर हा दख्खनमधला अपवाद म्हणून पाहिला जाऊ लागला. इथल्या बेसॉल्टचा काही भाग पाण्यात ओतला गेला आहे. तापलेला लाव्हा पाण्यात शिरला की वरचे कवच झटकन थिजते, आतला रस ते फोडून बाहेर येतो, आणि उशा एकावर एक रचाव्यात तसे गोळे तयार होतात. त्यांच्या फटींत काचेचा चुरा भरतो. पुढे पाणी मुरून या बेसॉल्टमध्ये सोडियम वाढले आणि स्पिलाइट नावाचा हिरवट, बदललेला खडक झाला. पोकळ्यांत झिओलाइट आणि प्रेह्नाइट ही खनिजे वाढली; कांदिवलीच्या खाणीतले प्रेह्नाइटचे नमुने जगभरच्या संग्रहांत गेले आहेत.

उत्तरेला साष्टीत (इंग्रजीत साल्सेट) चित्र आणखी बदलते. मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यात ट्रॅकाइट. मढच्या बाजूला ऱ्हायोलाइटसारखे सिलिका भरपूर असलेले खडक. मधोमध ज्वालामुखीच्या स्फोटांतून उडालेल्या तुकड्यांचा ब्रेक्शिया आणि राख थिजून झालेला टफ. अंधेरीची महाकाली लेणी अशाच ब्रेक्शियात कोरली आहेत. घाटातल्या लेण्यांपेक्षा इथले स्तंभ आणि मूर्ती जास्त झिजल्या त्याला हा दगडही जबाबदार आहे. कोरणाऱ्यांना मऊ दगड सोयीचा पडला, पावसालाही पडला. जवळच गिल्बर्ट हिल आहे: सुमारे ६० मीटर उंचीचा, उभ्या बहुकोनी खांबांचा सुळका, माथ्यावर देऊळ, चारी बाजूंनी इमारती. १९५२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, पण त्याआधी आणि नंतरही आसपासचा दगड खडीसाठी निघत राहिला. हे खांब म्हणजे खळग्यात साठून सावकाश थंड झालेला लाव्हाप्रवाह, की जुन्या खडकात खालून घुसलेल्या रसाचा अवशेष, यावर दोन्ही मते आहेत. निर्णय लागायचा तर खांबांचा बाजूच्या खडकाशी सांधा पाहायला हवा; आणि सांध्याची जागा खाणीने खाल्ली आहे किंवा ती इमारतींखाली गेली आहे. मुंबईच्या भूविज्ञानातला हा नेहमीचा अनुभव.

या सगळ्यावर चिखल, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चुन्याने जोडून झालेला, कोकणात ‘करल’ म्हणून ओळखला जाणारा खडक, असा अगदी नवा थर आहे. १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना याच्याही खाली खैराच्या झाडांचे जंगल मिळाले, कित्येक बुंधे मुळांवर उभे. किनारा भूतकाळात वरखाली झाल्याचा तो पुरावा आहे. पण त्याचा काळ काही हजार वर्षांचा, आणि आपला प्रश्न कोट्यवधी वर्षांचा.

वय: बऱ्याच अंशी मिटलेला वाद

जुना सर्वमान्य समज असा: मुंबईचे थर पश्चिमेकडे झुकलेले, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना आपण क्रमाने वरच्या थरांत शिरतो, म्हणून मुंबई ही दख्खनची सर्वांत वरची, शेवटची पाने. तर्क साधा आहे, आणि त्याचा निष्कर्ष पुढे बराचसा खराही ठरला. त्यातून एक गोष्ट मात्र कळत नव्हती: ‘शेवटची’ म्हणजे किती शेवटची? घाटाच्या माथ्यानंतर लगेच, की मध्ये मोठी विश्रांती घेऊन?

उत्तर आर्गॉनने दिले. खडकातल्या पोटॅशियमचा एक प्रकार ठरलेल्या गतीने आर्गॉन वायूत बदलत जातो. स्फटिकात अडकलेला वायू मोजला की घड्याळ वाचता येते. २००१ मध्ये हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भूतानी यांनी मुंबईच्या दोन ट्रॅकाइटची वये साधारण ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख वर्षे, तर गिल्बर्ट हिलचे वय साधारण ६ कोटी ५ लाख वर्षे दाखवले. २०१७ मध्ये पांडे, यतीश आणि शेठ यांनी मुंबईच्या बेसॉल्टचीही वये काढली आणि ती ६ कोटी २५ लाख वर्षांच्या भोवती जमली. दोन खेपांच्या आकड्यांत फरक दिसतो, पण या पद्धतीत ज्या प्रमाण नमुन्याशी तुलना करतात त्याचेच मान्य वय मधल्या काळात सुधारले गेले आहे, त्यामुळे जुने आकडे थोडे वर सरकवून वाचावे लागतात. मुख्य मुद्दा दोन्हींत एकच: घाटातला धो धो ओघ आणि मुंबईचे उद्रेक यांच्यात सुमारे ३० लाख वर्षांचे अंतर आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की मुंबईचा खडक पाण्याने बदललेला. बदललेल्या खडकातून आर्गॉन गळतो आणि घड्याळ खऱ्यापेक्षा कमी वय दाखवते. स्पिलाइटच्या बाबतीत ही शंका रास्त आहे आणि जुन्या पद्धतीने, एकाच मोजमापावर काढलेल्या वयांवर तर विश्वास ठेवूच नये. पण नव्या पद्धतीत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याला वेगळे वय काढतात. वायू गळलेला असेल तर टप्प्यांची वये एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय ट्रॅकाइट, गिल्बर्ट हिलचा घट्ट बेसॉल्ट आणि बेटावरचे बेसॉल्ट हे खडक वेगवेगळ्या प्रकारे आणि वेगवेगळ्या प्रमाणात बदललेले. गळतीनेच वये कमी झाली असती तर ती विखुरली असती. सगळी एकाच काळाभोवती का जमावीत? दुसरा आक्षेप जीवाश्मांचा. जोगेश्वरीच्या खाणीतल्या गाळातल्या परागकणांवरून आणि सूक्ष्म कवचांवरून तो थर डायनासोर-युगाच्या अखेरीच्या सीमेजवळचा, म्हणजे घाटाच्या बराच जवळचा, असल्याचे मत मांडले गेले आहे. इथे मला वाटते पुराव्याच्या बारकाईचा फरक लक्षात घ्यावा. तळ्यातले प्राणी आणि वनस्पती सीमेच्या आधी व नंतर तगून राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि गोड्या पाण्यातल्या जीवांवरून २०-३० लाख वर्षांचा फरक खात्रीने सांगणे कठीण. त्यापुढची गोष्ट अशी की वरळीचा गाळ आणि जोगेश्वरीचा गाळ एकाच थराचा आहे हे गृहीत धरण्याचे कारण नाही. मुंबईखाली असे गाळाचे थर अनेक पातळ्यांवर आहेत. त्यांतला एखादा खरोखर जुना असू शकतो आणि तरी त्याच्या वरचा मुंबईचा लाव्हा तरुण असू शकतो. म्हणून हा आक्षेप वयांना खोटे पाडत नाही. तो मुंबईखाली दोन्ही काळांचे थर असण्याची शक्यता मात्र जिवंत ठेवतो.

नाते: वेगळे घर की त्याच घरातली खोली

वय वेगळे म्हटले की नातेही वेगळे, असे मानण्याचा मोह होतो. २००० च्या सुमारास मुंबईच्या ज्वालामुखी खडकांना घाटाच्या उपसमूहांपासून तोडून ‘साल्सेट उपसमूह’ म्हणून स्वतंत्र मांडण्याचा प्रस्ताव आला. त्याचा मुख्य आधार होता गाळाच्या थरांशी त्यांची जवळीक: घाटात लाव्हावर लाव्हा, इथे लाव्हा-गाळ-राख-लाव्हा. एस. एफ. सेठना यांनीही १९९९ मध्ये मुंबईचे दख्खनच्या क्रमातले स्थान तपासले. वेगळे घर मांडणाऱ्यांच्या बाजूने ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट आहेत, स्फोटक उद्रेकांचे प्रमाण आहे, पाण्यात ओतलेला लाव्हा आहे.

विरुद्ध बाजू म्हणते की उपसमूहाची ओळख घाटात रसायनाने ठरते, मग इथे गाळाने का ठरावी? मोजपट्टी मध्येच बदलून चालणार नाही. शिवाय मुंबईचे सगळे बेसॉल्ट काही परके नाहीत. किनारपट्टीला उत्तर-दक्षिण धावणाऱ्या भित्तींचा, म्हणजे फटींतून उभ्या चढलेल्या आणि तिथेच थिजलेल्या लाव्हाच्या पट्ट्यांचा मोठा समूह आहे, आणि त्यांतल्या काहींचे रसायन घाटातल्या थरांशी मिळतेजुळते येते. मला या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात. अडचण ‘नाते’ या शब्दाच्या दोन अर्थांची आहे. रसायन सारखे म्हणजे रस एकाच प्रकारच्या उगमातून, सारख्या वाटेने वर आला. त्याने वेळ ठरत नाही. एकाच विहिरीचे पाणी तीन पिढ्या भरू शकतात. उलट रसायन वेगळे म्हणूनही काळ वेगळा ठरत नाही, कारण एकाच उद्रेकात तळाचा आणि माथ्याचा रस निराळा निघू शकतो. वेगळ्या उपसमूहाचे नाव ठेवायचे तर त्याची व्याख्या नकाशावर दाखवता येण्याजोग्या सीमेने करायला हवी: कोणत्या थरापासून साल्सेट सुरू? अशी पायाची सीमा सलग कुठेच उघडी नाही. ठाणे-बेलापूरच्या बाजूला ती असावी अशा ठिकाणी खाडी, चिखल आणि वस्ती आहे. तोवर ‘साल्सेट’ हे सोयीचे नाव म्हणून वापरावे, पण त्यावर फार भार टाकू नये.

कल: पनवेलचे वळण

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा, कारण त्याचे उत्तर मुंबईपुरते नाही. भारताचा पश्चिम किनारा कसा झाला याचे ते उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकात, सर्वेक्षण खात्याच्या ब्लॅनफर्ड यांच्या काळापासून कल माहीत होता, ऑडन यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातल्या भित्तींवर लिहिताना वळणाची नोंद ठळक केली. सर्वांत सरळ स्पष्टीकरण म्हणजे सतरंजीची कड टेबलावरून खाली लोंबावी तसे थर किनाऱ्याकडे वाकले: पश्चिमेची जमीन खचली, थर न तुटता वळले. दुसरे मत देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ मध्ये मांडले. त्यांच्या मते हे खरे वळण नाही. पृथ्वीचे कवच ताणले गेल्याने असंख्य विभंग, म्हणजे दोन्ही बाजूंचा खडक सरकलेल्या भेगा, पडले, त्यांच्यामधले ठोकळे फिरले आणि कलंडले, आणि दुरून ते वळणासारखे दिसते. तिसरे मत शेठ यांचे, १९९८ मधले. पश्चिमेला एक मोठा, खोलवर सपाट होत जाणारा वक्र विभंग पूर्वेकडे उतरत असेल, तर त्याच्या वरचा ठोकळा सरकताना मागे पडणारी पोकळी भरण्यासाठी विभंगाच्याच दिशेने झुकतो. म्हणजे मुंबईचे थर समुद्राकडे नव्हे, समुद्राकडे असलेल्या एका विभंगाकडे झुकले आहेत.

तिन्हींत फरक शब्दांचा नाही. पहिले खरे असेल तर थर सलग असावेत आणि झुकाव हळूहळू वाढावा. दुसरे खरे असेल तर थोड्या थोड्या अंतरावर विभंग दिसावेत, ठोकळ्यांचा कल सारखा आणि मध्ये तुटी. तिसरे खरे असेल तर मुख्य विभंग आणि त्याला साथ देणारे छोटे विभंग ठरावीक दिशेला उतरलेले मिळावेत. घारापुरीवर २०१७ मध्ये सामंत आणि सहकाऱ्यांनी विभंगांचा एक पट्टा नकाशावर आणला आणि त्याचा वळणाशी संबंध जोडला. सतरंजीच्या साध्या उपमेला त्याने धक्का बसला आहे, कारण थर नुसते वाकलेले नाहीत, तुटलेले आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मतांत निवड करण्यासाठी मात्र मुख्य विभंग खरोखर पाहायला हवा, आणि तो असलाच तर समुद्राखाली किंवा चिखलाखाली आहे. बेटावर पुराव्यांची संख्या वाढवूनही हा पेच सुटणार नाही. तो पुरावा दोन्ही मतांकडे सारखाच ताणता येतो.

कलाच्या काळाबद्दल मात्र एक बंधन घालता येते, आणि इथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर कामी येते. झुकलेला खडक झुकण्याच्या आधीचा असणारच. मुंबईचे ६ कोटी २५ लाख वर्षांचे थरही झुकलेले आहेत, तेव्हा कलाचा निदान काही भाग त्यानंतरचा आहे. याच सुमारास भारतापासून सेशेल्स सुटले. सेशेल्समधल्या सिल्हूट बेटावरचे आग्नेय खडक जवळपास त्याच वयाचे आहेत. म्हणून आज सर्वाधिक स्वीकारले जाणारे चित्र असे: घाटाचा महापूर ओसरून गेला होता, मग कवच ताणले गेले, किनाऱ्याच्या बाजूला पुन्हा रस चढला, वाटेत साठून ट्रॅकाइट-ऱ्हायोलाइटपर्यंत बदलला, आणि ताणाचे पर्यवसान जमीन फुटण्यात झाले. मुंबईवर गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा जास्त भरते, आणि टाकिन यांनी १९६६ मध्ये त्याचा अर्थ कवचात बसलेले जड आग्नेय खडकाचे मोठे अंग असा लावला. रस साठण्याची जागा म्हणून ते या चित्रात चपखल बसते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ मध्ये तेल लागलेल्या बॉम्बे हायच्या चुनखडकाखालीही बेसॉल्ट सापडतो. पश्चिमेचा पदर किती खाली गेला ते त्यावरून दिसते. पण चपखल बसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. गुरुत्वाकर्षणातून वस्तुमान कळते, वय कळत नाही. ते अंग घाटाच्याच काळचे असू शकते.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणात गरम पाण्याचे झरे एका लांबट पट्ट्यात येतात. त्यांना वळणाशी जोडून पनवेलचे विभंग अजून जागे असल्याचे सांगितले जाते. झऱ्यांवरून एवढेच कळते की पाणी खोल जाऊन परत येण्याइतक्या भेगा उघड्या आहेत. भेग उघडी असणे म्हणजे ती सरकत असणे नव्हे. २००२ च्या भूकंपविषयक भारतीय मानकात मुंबई तिसऱ्या विभागात घातली होती, आणि त्या वर्गीकरणामागे एकट्या वळणाचा पुरावा नव्हता.

तळ

या सर्वांच्या खाली काय? मुंबईपुरते थेट उत्तर नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विवरांत रासाटीला सुमारे ९३३ मीटर, तर गोठण्याला सुमारे १२४७ मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नीस लागला. किल्लारीला ३३८ मीटरनंतर गाळाचा आठ मीटरचा थर आणि मग तोच जुना पाया. पूर्वेकडून पश्चिमेला जाडी वाढते एवढे यावरून म्हणता येते. मुंबईला नेमकी किती, हे नाही. मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूच्या भित्तींनी खालून वर आणलेले परक्या खडकांचे तुकडे मात्र सांगतात की किनाऱ्याखालीही जुन्या खंडाचेच कवच आहे, महासागराचे नव्हे.

दुसरीकडे, वरच्या शंभरेक मीटरबद्दल माहिती कधी नव्हती इतकी आज जमिनीतून बाहेर आली आहे. ३३.५ किलोमीटरच्या मेट्रो तीनसाठी, समुद्रावरच्या पुलांसाठी, आणि प्रत्येक उंच इमारतीसाठी विवरे पडली. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या पेटीत ५४ मिलिमीटर व्यासाचे दगडी दांडके ओळीने लावतात, प्रत्येक ओळीवर खोली लिहितात आणि १० सेंटिमीटरहून लांब तुकड्यांची बेरीज करून खडकाची प्रत ठरवतात. घट्ट बेसॉल्टचे दांडके हातभर लांब निघते. ब्रेक्शियाचे ठिपकेदार निघते. आणि मध्येच राखी रंगाचा हातभर तुकडा असा येतो की काढताना अखंड दिसलेला दगड उन्हात वाळून पाणी लागताच बिस्किटासारखा सुटतो. तो टफ किंवा लाव्हांमधला गाळ. अभियंत्याला तो धोका, कारण ‘हार्ड रॉक लागला’ म्हणून पाया टेकवावा आणि त्याच्याखाली हा थर असावा. वर मांडलेल्या वादांत मात्र त्याला सर्वांत मोल आहे. त्या राखी हातभराच्या वरचा बेसॉल्ट आणि खालचा बेसॉल्ट यांची वये एकाच विवरातून काढली, आणि एकात ६ कोटी २५ लाख तर दुसऱ्यात ६ कोटी ६० लाखांच्या जवळचा आकडा आला, तर जोगेश्वरीच्या परागकणांचे आणि आर्गॉनच्या घड्याळाचे भांडण मिटेल, साल्सेटची पायाची रेघ कुठे ओढायची ते ठरेल. अशी जोडीजोडीने मोजमापे पूर्वेकडून पश्चिमेकडे, कलाच्या दिशेने एका रेषेत झाली, तर थरांची खोली एका विवरातून दुसऱ्यात पायरीने उतरते की उताराने, हेही दिसेल.